चापट सगळ्यांनी पाहिली



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बालसंगोपनाची तज्ज्ञ नाही. पण आज विषय लेकरांचा घेतलाय.

मागच्या उन्हाळ्यात यवतमाळच्या एका बागेत दोनेक वर्षांचं पोरगं घसरगुंडीवरून उतरायला तयार नव्हतं. सांभाळणाऱ्या बाईनं त्याचा दंड पिरगाळला आणि पाठीत धपाटा घातला. आसपास दहा-बारा मोठी माणसं होती. सगळ्यांनी पाहिलं आणि मग सगळ्यांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं. मी जवळ गेले. म्हटलं, "मावशी, त्याले मारू नका. दमल्या असाल तर बसा जरा, मी बघते त्याच्याकडे." आधी चिडल्या, "तुम्हाले काय करायचं?" मग बाकावर बसल्या. सकाळी सातपासून त्या पोरामागं होत्या, घरी स्वतःची दोन लेकरं. त्यांचं थकणं खरं होतं. पोराच्या दंडावरचा वळही खरा होता. मी पोराच्या आईची वाट पाहिली आणि तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. एकच सांगितली असती तर बाईचं काम गेलं असतं आणि पुढच्या बाईवरही तेच बारा तास पडले असते.

नोव्हेंबर २०१६ मधलं खारघरचं पाळणाघर तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. १० महिन्यांच्या मुलीला तिथली बाई मारताना, आपटताना सीसीटीव्हीत दिसली. आईला लेकराच्या अंगावर खुणा दिसल्या, दवाखाना झाला, पोलीस आले, तेव्हा कुठं ते चित्रण बाहेर आलं. बाईला अटक झाली. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात. सिस्टीम बंद पडल्यावर उघडायची फाइल. कॅमेरा होता, पण त्या वेळी तो बघणारं कोणी नव्हतं. बागेत, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मंडपात बघणारे आपण असतो.

म्हणून क्लिप काढून ग्रुपवर टाकायची घाई करू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार पीडित मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. व्हिडिओ पोलिसांना द्या, नाहीतर १०९८ वर फोन करा, तो फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. त्याच कायद्याचं कलम ७५ मूल ताब्यात असलेल्या कोणाच्याही क्रूरतेला लागू होतं: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतला माणूस असेल तर ५ वर्षांपर्यंत. आणि एक कडू गोष्ट. क्लिपमधली बाई आपल्या समाजाची निघाली की आपण बचावाला धावतो, दुसऱ्यांची निघाली की फाशी मागतो. लेकराचा दंड दोन्हीकडं तितकाच दुखतो.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलू. इथं पगारी बाई ठेवणारी घरं किती? कापूस वेचणीत आई वावरात जाते तेव्हा धाकट्याला सांभाळते आठ-नऊ वर्षांची बहीण. शाळा बुडवून. ते रडलं की तीही त्याला बदडते, कारण तिला दुसरं काही शिकवलेलंच नाही. १४ वर्षांखालच्या मुलीला दुसऱ्याच्या घरी कामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे. स्वतःच्या घरात तिच्याकडं कोण बघतं? "ताई लई समजदार आहे" म्हणून आपण कौतुक करतो, मला तर तो शब्द ऐकला की राग येतो.

कंपनीत ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असले तर पाळणाघर ठेवावंच लागतं, २०१७ पासून. वावराला तो कायदा नाही. पण केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर करता येतं, ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी. तुमच्या गावात ते आहे का, विचारा. नसेल तर पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा, वेचणी सुरू व्हायच्या आधी. अर्ज लिहायला मदत लागली तर मी इथंच मागं थांबलेली आहे.