शोधनिबंधांचं खुलं भांडार

गोव्यात दोना पावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1966 साली स्थापन झालेली. अशा संस्थांमधल्या शास्त्रज्ञांचे बरेच निबंध परदेशी नियतकालिकांत छापून येतात आणि ते वाचायला वर्गणी भरावी लागते. म्हणजे संशोधनाचा खर्च सरकारी तिजोरीतून, आणि वाचायला पुन्हा पैसे! या संस्थेनं मात्र स्वतःचं डिजिटल भांडार उभं केलं आहे. त्यातले अनेक निबंध कुणालाही घरबसल्या, फुकट उतरवून घेता येतात.

असं भांडार उभारायला लागतं काय? सॉफ्टवेअर तर मोफतच मिळतं. अमेरिकेतल्या एमआयटीनं ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीबरोबर तयार केलेलं 'डीस्पेस' 2002 पासून सर्वांना खुलं आहे. त्यात प्रत्येक निबंधाला कायमचा पत्ता देता येतो. शीर्षक, लेखक, वर्ष, विषय अशी नोंद ठरलेल्या साच्यात भरली, की शोधयंत्रं ती आपणहून उचलतात. 'डब्लिन कोअर' या साच्यात मूळ रकाने 15च.

खरी डोकेदुखी हक्कांची. प्रकाशकानं सजवून छापलेली प्रत बहुधा ठेवता येत नाही. परीक्षकांनी मान्य केलेला लेखकाचा अंतिम मसुदा मात्र अनेक प्रकाशक ठेवू देतात. कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षानं. पण तोवर तो मसुदा कुठल्या संगणकात दडलाय, हे लेखकालाही आठवत नाही! म्हणून निबंध स्वीकारल्याचं कळताच फाइल ग्रंथपालाकडे द्यावी, असा नियम बरा. मुदत संपेपर्यंत ती बंद ठेवायची सोय डीस्पेसमध्ये आहे.