वाढत्या शहराचा केर



शाळा मला फारशी लाभली नाही. जे शिकलो ते कामगारांच्या सभांतून. त्यामुळे एखादे शहर फार वाढले असे कानांवर आले, की मी विचारतो, तेथला केर कोण काढते?

अमेरिकेतील टेक्सास राज्यातले ह्यूस्टन घ्या. १९५० साली तेथे सुमारे ६ लाख वस्ती होती. २०२० च्या शिरगणतीत ती २३ लाखांवर गेली. तेलकंपन्यांचे मनोरे उभे राहिले. शहर इतके पसरले, की मोटारीवाचून संसार कठीण. परंतु त्या मनोऱ्यांतील कचेऱ्या रात्री झाडणाऱ्यांना २००६ साली तासाला सव्वापाच डॉलरच्या आसपास मजुरी पडे; आजारपणाचा विमाही नसे. त्यांत बहुसंख्य बायका, लॅटिन अमेरिकेतून पोटासाठी आलेल्या. त्यांनी संघटना बांधली आणि सुमारे महिनाभर संप चालविला. पाच हजारांवर कामगारांचा करार झाला. २००९ पर्यंत मजुरी पावणेआठ डॉलरवर न्यावयाचे ठरले. विमाही कबूल झाला.

मित्रहो, शहर वाढले म्हणून मजुरी आपोआप वाढत नाही. ती मागावी लागते, आणि एकट्याने मागून ती मिळत नाही.