पियानो उचलताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'पियानोतले तज्ज्ञ' अशी करून दिली. घाबरू नका, मला पियानो वाजवता येत नाही. मुंबईतल्या एका मोठ्या सभागृहात मी तीस वर्षं रंगमंचामागे काम केलं. त्यातला बराच काळ पियानो हलवण्यात आणि सांभाळण्यात गेला.

मैफिलीचा पियानो म्हणजे केवढा? स्टाइनवेचं 'डी' मॉडेल पावणेतीन मीटर लांब, वजन सुमारे ४८० किलो. आत बिडाची चौकट आणि तिच्यावर तारांचा एकूण ताण २० टनांच्या आसपास. त्यामुळे लोकांना वाटतं, वस्तू दणकट आहे. पण बीड वाकत नाही, तडकतं. २०२० साली बर्लिनमध्ये अँजेला ह्युइट या कॅनडाच्या नामवंत वादक बाईंचं ध्वनिमुद्रण संपलं आणि त्यांचा स्वतःचा फाझिओली पियानो हलवताना हमालांच्या हातून पडला. चौकटच मोडली. कारखानदारांनी पाहून सांगितलं, दुरुस्तीत अर्थ नाही.

असा पियानो सभागृहाबाहेर न्यायचा तर उभ्याचा आडवा करावा लागतो. झाकण काढायचं, पेडलचा सांगाडा उतरवायचा, मग डाव्या हाताचा पाय काढून ती बाजू हळूहळू खाली आणायची आणि पियानो आपल्या लांब, सरळ कडेवर जाड फळीवर उभा करायचा. गोधड्या गुंडाळायच्या, पट्टे आवळायचे. उरलेले दोन पाय त्यानंतर. हा क्रम चुकला की संपलं. रंगमंचावर मात्र तो चाकांवरच सरकतो, आणि तिथे भीती पायांची. लाकडी जमिनीतल्या एका फटीत चाक अडकलं आणि मागून जोर लागला, तर पाय मोडू शकतो. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत निवेदक घाई करत असतात. त्यांच्याकडे बघायचं नाही.

तरी माझ्या मते पडण्यापेक्षा जास्त पियानो नुसते ठेवून खराब होतात. लाकूड, लोकर आणि पोलाद यांना साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलैत ती ८०च्या वर असते. आमच्या कार्यालयाने एका पावसाळ्यात वीजबिल वाचवायला पियानोच्या खोलीतला एसी रात्री बंद ठेवायचं ठरवलं. दिवसा कोरडं, रात्री दमट. आतला स्प्रूसचा पातळ फळा रोज फुगायचा, रोज आकसायचा. महिन्याभरात सूर टिकेना, पट्ट्या दाबल्या की वर येईनात. मी भिंतीवर आर्द्रतामापक लावला, रोजचे आकडे वहीत लिहिले आणि ती वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. आपले गणिताचे सर सांगायचे ना, तोंडी नको, पायऱ्या दाखव! एसी पुन्हा चोवीस तास सुरू झाला.

दुसरं भांडण जास्त लांबलं. पियानोचा विमा होता, उचलणाऱ्या सहा जणांचा नव्हता. पाचशे किलोंखाली बोटं त्यांची असतात. ठेकेदार म्हणायचा, रोजंदारीची माणसं, उद्या दुसरी येतील. पण पाय कुठला आधी काढायचा हे त्या सहांनाच ठाऊक होतं. दोन वर्षांनी त्यांची नावं विम्यात आली. त्यातला सगळ्यात वयस्कर माणूस अजून येतो, आता नुसता उभा राहून 'हळू, हळू' म्हणायला. त्याचेही पैसे मिळतात.

मघाशी आपल्या सभागृहातली पेटी पाहिली. खिडकीखाली ठेवलीय, पाऊस आत येतो तिथे. चहा झाला की दोघं जण या, आतल्या भिंतीकडे नेऊ. ढकलायची नाही हं, उचलायची.