ताटली कोरडी हवी

कविता लिहिणाऱ्या माणसाने मायक्रोवेव्हवर बोलावे हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. पण विषय मीच मागून घेतला आहे, आणि त्याला कारण माझे नाक आहे.

2021च्या एप्रिलमध्ये मला कोरोना झाला. ताप उतरला, खोकला गेला; वास काही परतला नाही. रावेरात राहायचे, केळीच्या वखारीत उभे राहायचे आणि पिकल्या घडांचा वास येऊ नये, याचे दुःख खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. तरी पत्नी घरात होती तोवर तिच्या नाकावर घर चालले. गेल्या वर्षी थोरली लेक बाळाला घेऊन पुण्याला परत निघाली, तेव्हा मदतीला आईलाही घेऊन गेली. पहिल्याच आठवड्यात माझी डाळ दोनदा करपली. मग एका दुपारी शेजारचा मुलगा दारातूनच ओरडला, "चाचा, गॅस येतोय!" शेगडीची कळ उघडी राहिली होती आणि मी त्याच खोलीत वही घेऊन बसलो होतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन नावाचे उग्र रसायन मुद्दाम मिसळतात. ही सगळी तरतूद नाक असलेल्यांसाठी.

बातमी पुण्याला पोचायला वेळ लागला नाही. "अब्बा, यापुढे शेगडीला हात लावायचा नाही," लेकीने फोनवर बजावले, आणि आठ दिवसांत खोके दारात आले. खोक्यावर 'सेन्सर कुक' लिहिलेले. मला आधी सिनेमाचा सेन्सॉरच आठवला. म्हटले, आता हे यंत्र माझ्या भाजीला कात्री लावणार!

मायक्रोवेव्हचा जन्म स्वयंपाकघरात झालेला नाही. 1945च्या सुमारास अमेरिकेत रडारच्या नळ्यांवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातले चॉकलेट वितळले, आणि त्यांनी त्या लहरींवर अन्न शिजवून पाहिले. 1947 साली बाजारात आलेले पहिले यंत्र जवळजवळ सहा फूट उंच आणि 340 किलो वजनाचे होते. आपल्या ओट्यावरची पेटी हे त्याचेच नातवंड. तिच्यातल्या लहरी अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवतात आणि त्यातून उष्णता होते.

आता सेन्सर. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मिनिटे आपण सांगतो. काही यंत्रांत नुसता 'ऑटो मेनू' असतो. पदार्थ आणि वजन सांगितले की ते ठरलेला वेळ चालते. दुकानदार दोन्ही एकाच दमात खपवतात, म्हणून नीट विचारून घ्या. खरे सेन्सरवाले यंत्र वाफेची वाट पाहते. आतली हवा बाहेर जाते त्या वाटेवर ओलावा ओळखणारा एक लहानसा भाग बसवलेला असतो. बटण दाबल्यावर पडद्यावर मिनिटे दिसतच नाहीत. अन्नातून वाफेचा पहिला जोरदार लोट आला की यंत्र हिशेब करते: वाफ यायला इतका वेळ लागला, म्हणजे अन्न साधारण इतके आहे, हा भात असेल तर अजून इतका वेळ, बटाटे असतील तर इतका. मग मिनिटे उलटी मोजू लागते. (काही यंत्रे वाफेऐवजी अन्नाच्या पृष्ठभागाची उष्णता पाहतात.)

वाचायला सोपे वाटते. मी पहिल्याच दिवशी काचेची ताटली धुऊन तशीच ओली आत ठेवली. यंत्राला ताटलीची वाफ मिळाली, त्याला वाटले भाताचीच, आणि त्याने भात कच्चा असताना घंटी वाजवली. दुसऱ्या दिवशी धीर धरवेना. वाफ येण्याआधीच दार उघडून डोकावलो. सगळा हिशेब पुसला गेला. तिसरी चूक खानदानी होती. भांड्यावर झाकण घट्ट बसवले. वाफ बाहेर येईना, यंत्र वाट पाहत राहिले आणि भाजीचे चामडे झाले. घट्ट बंद भांडे आत फुटूही शकते. झाकण सैल हवे किंवा त्याला फट हवी. ताटली आणि आतल्या भिंती कोरड्या हव्यात. एक पदार्थ झाल्यावर पेटी थोडी निवू द्यावी. धातूचे भांडे तर नकोच.

खानदानी म्हणालो, कारण माझी अम्मी बिर्याणीच्या भांड्याला कणकेने लिंपून दम देत असे. कणकेला कुठे चीर पडून वाफेची बारीक रेघ निघाली की ती दुरूनच "झाले" म्हणायची. रमजानमध्ये रोजा असताना ती काही चाखत नसे; मीठसुद्धा वासावरून ओळखते, असे आम्ही म्हणायचो. तिचे नाक आणि हे यंत्र एकाच वाफेची वाट पाहतात. फरक एवढाच, की यंत्राला वाफ आली ते कळते, कशाची आली ते कळत नाही. ते आपणच बटण दाबून सांगावे लागते, आणि बटाट्याचे बटण दाबून भात ठेवला तर ते मुकाट्याने बटाटेच शिजवते. शिजता शिजता वीज गेली की मग पुन्हा पहिल्यापासून. रावेरात हा धडा पुस्तिकेआधीच पाठ होतो.

तरी गेले काही महिने मी या पेटीवर निर्धास्त जेवतो. वरण-भात, भोपळा, उकडलेली रताळी. अन्न करपत नाही, घर पेटण्याची भीती नाही, लेकीचा फोन आला तर खोटे बोलावे लागत नाही.

भरिताने मात्र माझी परीक्षा घेतली. आमच्याकडची भरिताची वांगी मोठी, हिरवी-पांढरी, कमी बियांची. जळगावच्या या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ती काट्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची आणि लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची. मी वांग्याला काट्याने सगळीकडून भोके पाडली (नाहीतर ते आतच फुटते), भाजीचे बटण दाबले. गर लोण्यासारखा झाला. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळे रीतसर घातले आणि वाटी शेजारी पाठवली. तोच मुलगा वाटी परत घेऊन आला. म्हणाला, "चाचा, अम्मी म्हणते छान आहे, पण धूर नाही."

मी तेच भरीत दोन भाकरींबरोबर आवडीने खाल्ले होते. धूर नसल्याचे मला कळलेच नव्हते.

पत्नी पुढच्या महिन्यात परत येते आहे. शेतावरून कपाशीच्या काट्यांचा भारा आणवून मी अंगणात ठेवला आहे. भाजायचे काम तिचे. भात मी लावीन.