अपसव्य सूर्य

पृथ्वी सपाट आहे असं मानणारी माणसं आजही आहेत. ती वेडी नाहीत, हट्टी आहेत. त्यांची पृथ्वी ताटासारखी: मधोमध उत्तर ध्रुव, आणि सभोवार बर्फाचा काठ, तो अंटार्क्टिका. सूर्य म्हणजे ताटावरून फिरणारा दिवा. नॉर्वेतला न मावळणारा, मध्यरात्रीचा सूर्य या हिशेबात कसाबसा बसतो, कारण जूनमध्ये दिवा ताटाच्या मधल्या भागाभोवती फिरतो. डिसेंबरात मात्र तो काठाजवळून फिरणार. पलीकडच्या काठाला गेला, की अलीकडे अंधार व्हायलाच हवा. म्हणून मग सांगायचं, दक्षिणेत असा सूर्य नसतोच. आणि हे कुणाला कळू नये म्हणून तर १९५९चा अंटार्क्टिक करार झाला!

हा करार अवघ्या चौदा कलमांचा. बारा देशांच्या सह्या. सात देशांनी तिथल्या जमिनीवर आधीच हक्क सांगितले होते. चौथ्या कलमानं ते मानले नाहीत, फेटाळलेही नाहीत. भाऊबंदकीतल्या वाड्यासारखे 'जैसे थे' ठेवले. मला आवडतं ते सातवं. निर्णयात भाग असलेला कोणताही देश दुसऱ्याच्या तळावर वाटेल तेव्हा निरीक्षक पाठवू शकतो. झाकपाक करणारा असं कलम घालेल? तिथं जायला परवाना लागतो, हे खरं. आपला २०२२चा कायदाही तो मागतो. पण दर उन्हाळ्यात पर्यटकांची जहाजं तिथं जातातच. आपणही जातो: पहिली मोहीम डिसेंबर १९८१मध्ये गोव्याहून निघाली, आणि मैत्री व भारती या तळांचा कारभार आजही गोव्यातल्याच वास्कोहून चालतो.

डिसेंबर २०२४मध्ये कोलोरॅडोचे पाद्री विल डफी यांनी सपाटवाले आणि गोलवाले अशा दोन्ही बाजूंच्या लोकांना, सूर्य मावळतो का ते पाहायला, थेट अंटार्क्टिकातल्या युनियन ग्लेशियरवर नेलं. दक्षिण ध्रुवापासून जेमतेम दहा अंशांवर. सपाटवाल्यांपैकी जेरन कॅम्पनेला यांनी कॅमेऱ्यासमोर कबूल केलं, की सूर्य मावळत नाही. घरी बसलेल्या त्यांच्याच मंडळींपैकी काहींनी त्यांना फितूर ठरवलं, आणि चित्रीकरण स्टुडिओतलं!

आपल्या आर्यभटाला तर जहाजही मिळालं नव्हतं. त्यानं इसवी सन ४९९च्या सुमारास गणितानंच सांगितलं: उत्तर ध्रुवावर, मेरूवरच्या देवांना आकाश सव्य, म्हणजे डावीकडून उजवीकडे, फिरताना दिसतं, दक्षिण ध्रुवावर, वडवामुखातल्या प्रेतांना अपसव्य, म्हणजे उलट, आणि दोघांनाही सूर्य अर्धं वर्ष उगवलेला दिसतो.

युनियन ग्लेशियरवर डिसेंबरच्या उत्तरार्धात मीटरभर काठी बर्फात रोवा. सूर्य सर्वांत वर असताना सावली दीड मीटर, सर्वांत खाली असताना चार मीटरांहून थोडी जास्त. चोवीस तासांत ती काठीभोवती पुरता फेरा घालते, आणि तोही घड्याळाच्या उलट, अपसव्यच.