परावलंबन कसे घडविले गेले : ठाणे जिल्ह्यातील वारल्यांचा इतिहास

(आदिवासी भागातील सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आदिवासींच्या दारिद्र्याचा विषय निघाला की अज्ञान, आळस आणि व्यसन ही तीन कारणे हमखास सांगितली जातात. ब्रिटिश अमदानीतील कायदे सालवार वाचीत गेल्यास मात्र निराळेच चित्र दिसते. त्यासाठी ठाणे जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या पालघर भागाचे, उदाहरण पुरेसे आहे.

वारल्याची भातशेती राबावर अवलंबून होती. झाडांच्या फांद्या तोडून, वाळवून, त्या जाळलेल्या जमिनीत रोप काढावयाचे. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर भात नाही. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगल सरकारजमा झाले. रेल्वेला लाकूड हवे होते आणि सरकारला महसूल. राबाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी १८८५ साली स्वतंत्र वन आयोग नेमावा लागला. जंगलात पूर्वी जे हक्काने मिळे, त्यासाठी आता परवानगी लागू लागली, आणि परवानगीच्या मोबदल्यात कित्येकदा जंगल खात्याचे काम करावे लागे.

व्यसनाचा मुद्दा तर अधिकच उद्बोधक आहे. वारली मोहाची दारू घरीच गाळीत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती भट्टी गुन्हा ठरली. १८९२ साली खास ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी कायदा करून मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालण्यात आले. दारू थांबली नाही. ती मक्तेदाराच्या दुकानात गेली. लग्नकार्यात, देवकार्यात लागणारी वस्तू रोखीने विकत घ्यावयाची, रोख नसेल तर उधारीने. दुकानदार सावकार झाला आणि पुढे पुष्कळ ठिकाणी जमीनदारही झाला. सरकारच्या तिजोरीत मात्र अबकारीचे उत्पन्न नियमित जमा होत राहिले.

शेतसारा नाण्यांत भरावयाचा होता. तो सुगीनंतर वसूल होई, म्हणजे भाताचा भाव पडलेला असतानाच भात विकावे लागे. पावसाळ्यात घरातील कणगी रिकामी झाली की तेच धान्य खावटी म्हणून परत आणावयाचे आणि पुढल्या सुगीला वाढीसह फेडावयाचे. अशा हिशेबात वारली कर्जमुक्त कसा व्हावा? जमीन सावकाराकडे गेली आणि कालचा खातेदार कूळ म्हणून त्याच शेतात राबू लागला.

यापुढची पायरी लग्नगड्याची. लग्नासाठी घेतलेल्या अल्प रकमेपोटी नवराबायको दोघेही धनकोच्या घरी राबत, बहुधा जन्मभर. १८४३ च्या कायद्याने हिंदुस्थानात गुलामगिरीला कायदेशीर मान्यता उरली नव्हती, हे येथे ध्यानात ठेवावे. सिमिंग्टन या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींविषयी १९३९ च्या अहवालात ही पद्धत स्पष्ट शब्दांत नोंदविली. अहवाल प्रामाणिक होता. तरीही सहा वर्षांनंतर वेठ आणि लग्नगडी होतेच.

मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभेने त्यांना संघटित केले होते. पुढचा प्रश्न गवतकापणीच्या मजुरीचा होता. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मृत्युमुखी पडले. मजुरीच्या तंट्यात सरकार कोणाच्या बाजूस उभे होते, हे त्या दिवशी उघड झाले.

स्वातंत्र्यानंतरचे कायदे या साखळीची एकेक कडी तोडण्यासाठी झाले. हस्तांतरित जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा, वेठबिगार निर्मूलनाचा केंद्रीय कायदा १९७६ चा, वनहक्कांचा २००६ चा. मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरील निर्बंध राज्य शासनाने २०२१ साली सैल केले. अडचण अंमलबजावणीत येते, कारण ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्याजवळ कागद नसतो. कागद नेहमी घेणाऱ्याजवळ राहिला. म्हणूनच वनहक्काच्या दाव्यात गावातील वृद्धांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य धरले आहेत. ते नोंदवून घेण्याचे काम ग्रामसभेच्या वनहक्क समितीचे आहे, आणि लिहिता येणाऱ्या शिक्षकाची मदत तेथे सर्वांत आधी लागते.