गरुड, गिधाड आणि न्यायमूर्ती छागला



कांजूरमार्गला क्रॉम्प्टन, विक्रोळीला गोदरेज. कारखान्यांच्या या पट्ट्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या कुटुंबांना नावाची पत म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. ही पत कोणी पळवतो आहे का, हे ओळखण्याची एक कसोटी मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिली. तिला निमित्त झाला शिवणाचा दोरा.

जेम्स चॅडविक या इंग्लिश कंपनीच्या दोऱ्यावर गरुडाचे चित्र होते. चिदंबरमच्या नॅशनल सूइंग थ्रेड या देशी कंपनीने आपल्या मालावर तसाच पंख पसरलेला पक्षी छापला. प्रथम त्यालाही ‘गरुड’च म्हटले. चॅडविकने हरकत घेताच त्याचे ‘गिधाड’ झाले. पक्षी मात्र जवळपास तोच राहिला! नोंदणीचा हा वाद मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला व न्या. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठापुढे आला. देश नुकताच स्वतंत्र झालेला. स्वदेशीच्या संस्कारात वाढलेल्या मनाला देशी कंपनी जिंकावी असे वाटणे स्वाभाविक होते. जिंकली इंग्लिश कंपनी.

१९५१च्या निर्णयसंग्रहात छापलेला हा निकाल आजही उद्धृत होतो, तो त्यातील विचारामुळे. दोन चिन्हे शेजारी ठेवून केवळ फरक मोजत बसणे पुरेसे नाही. नोंदलेल्या चिन्हाचा गाभा कोणता, त्यातून कोणती कल्पना मनावर ठसते आणि नवे चिन्ह तीच कल्पना जागवते का, हे पाहावयाचे. फसगत होणार नाही, हे दाखवण्याचा भार अर्जदारावर. कारण दुकानात उभ्या असलेल्या शिंप्याजवळ जुने रीळ नसते. असते ती पुसट आठवण. इंग्रजी न वाचणाऱ्याला गरुड काय, गिधाड काय, पाखरूच! संरक्षण मिळाले ते या आपल्या माणसाला, हे ध्यानात घेतले की निकालाचा सल कमी होतो.

१९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. पुढे १९५८चा आणि १९९९चा कायदा आला, कसोटी टिकली.

ग्राहकाच्या पुसट आठवणीचा हाच विचार १९७२ साली पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या कामी आला. त्या वेष्टनावर गायी-कोंबड्यांच्या घोळक्यात पाण्याची बादली घेतलेली मुलगी होती. म्हैसूरच्या प्रतिस्पर्ध्याच्या वेष्टनावर गायी-कोंबड्या त्याच, मुलीच्या डोक्यावर मात्र गवताचा भारा. खालच्या दोन्ही न्यायालयांत पार्ले हरली होती. सर्वोच्च न्यायालयाला तेवढा भारा पुरेसा वाटला नाही.